आखडता हात

आमच्या खाडीत तिसऱ्या काढायच्या तर दोन गोष्टी लागतात. एक मोठी ओहोटी आणि दुसरी न दुखणारी कंबर. पहिली अमावास्या-पौर्णिमेला हमखास मिळते. दुसरी पन्नाशीनंतर फारशी कुणाला मिळत नाही. माझी आत्या सत्तरीकडे झुकली आहे, तरी ती अजून जाते. पाणी ओसरून खाडीच्या मधला वाळूचा पट्टा उघडा पडू लागला की ती काष्टा खोचते, पाटी कमरेला लावते आणि गुडघाभर पाण्यात उतरते. पायाच्या अंगठ्याने वाळू चाचपते. तिसरी लागली की वाकून उचलते. उचललेली प्रत्येक तिसरी तिच्या तळहातावर क्षणभर थांबते. मोठी असली तर पाटीत, बारकी असली तर परत पाण्यात. अडीच-तीन तासांनी पाणी चढू लागते, तेव्हा पाटी भरलेली असते, कधी नसतेही. भरतीशी वाद घालण्याची सोय नाही.

हे दृश्य मी माझ्या एका कादंबरीत पानभर रंगविले आहे. त्यात चांदणे आहे, पाण्याची रुपेरी चमक आहे, बायकांचे हसणे आहे. चिखलाचा वास आणि आत्याच्या पायांना पडलेल्या भेगा मात्र तेवढ्या गाळल्या गेल्या. कादंबरीकाराचाही हात कधी कधी निवडूनच उचलतो.

गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेत असताना गणितात हुशार होता. पुढे परिस्थितीमुळे शाळा सुटली, आणि सात-आठ वर्षे त्याने मोठ्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून काढली. आता गावातच काही करावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. वहीचा एक कागद त्याने माझ्यासमोर उलगडला. त्यावर पेन्सिलीने एक आकृती काढली होती. लोखंडी चौकट, तिच्या खालच्या कडेला बोटभर लांबीचे दाते आणि मागे जाळीची झोळी. बोटीला इंजिन लावायचे, ही चौकट दोराने मागे सोडायची, आणि खाडीच्या तळावरून ओढीत न्यायची. दाते वाळू उकरतील, तिसऱ्या झोळीत पडतील. परदेशात ज्याला ड्रेज म्हणतात ते हेच. तो आपला त्याला दाताळे म्हणत होता.

"गुरुजी, एका बाईला एका ओहोटीला एक पाटी. मला तासाला वीस. आणि ओहोटीची वाट बघायला नको," तो म्हणाला. "हे त्रैराशिक तुम्हीच शिकवलंत."

त्याला बँकेसाठी कर्जाचा अर्ज माझ्याकडून लिहून हवा होता. माझे मराठी साहेबांना पटते, असा गावात एक समज आहे.

मी "बघू" म्हणालो. मास्तराच्या तोंडी 'बघू' आले म्हणजे त्याला उत्तर येत नाही, हे आजी-माजी सर्व विद्यार्थ्यांना ठाऊक असते.

खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्या मनात एक उत्तर तयार होते, आणि ते फार सुंदर होते. हाताला डोळे असतात, यंत्राला नसतात. माझी आत्या आधी पाहते आणि मग घेते; दाताळे आधी सगळे घेते आणि मग पाहायचे ते वर बोटीत पाहिले जाते. तोवर तळ विस्कटलेला असतो, बारक्या शिंपल्या फुटलेल्या असतात, आणि वाळूत राहणारे जे इतर जीव कुणाला विकायचे नव्हते, तेही उपसले गेलेले असतात. कार्ल मोबिउस या जर्मन प्राध्यापकाने उत्तर समुद्रातल्या कालवांच्या थरांचा अभ्यास करून १८७७ साली एक पुस्तक लिहिले. कालवांचा थर म्हणजे नुसती कालवे नव्हेत. तिथे राहणाऱ्या साऱ्या जीवांचे एक कुटुंब असते, एकाला धक्का लागला की तो सर्वांना पोचतो, हे त्याने दाखविले आणि त्या कुटुंबाला 'बायोसिनोसिस' असे नावही दिले. आज पोरेही पर्यावरणावर निबंध लिहितात. त्या विचाराचा एक उगम असा कालवांच्या ढिगात आहे. हे सारे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगणार होतो. संस्कृती म्हणजे हात आणि लोभ म्हणजे यंत्र, अशी मांडणीही डोक्यात जमली होती.

ती मांडणी आत्याने मोडली. तिच्याकडे जेवायला गेलो असताना मी सहज विचारले, "आत्ये, बारक्या तिसऱ्या तू परत टाकतेस, ते पुढच्या वर्षी मोठ्या व्हाव्यात म्हणून ना?"

तिने माझ्याकडे पाहिले. "बारक्यात मांस नसता रे झिला. वाटप फुकट जाता."

मग मी तिला दाताळ्याची गोष्ट सांगितली. ती संतापेल, निदान हळहळेल, अशी माझी अपेक्षा होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इंजिन गावला असता तर मिया काय चिखलात बसलंय असतंय?"

या एका वाक्याने माझी रात्रीची झोप गेली. तोपर्यंत मी ज्याला आत्याचा संयम म्हणत होतो, तो संयम नव्हता. ती खाडी ओरबाडीत नव्हती, कारण तिला ओरबाडता येत नव्हती. तिची कंबर, तिचे दोन हात आणि चंद्राने लावून दिलेले ओहोटीचे वेळापत्रक, एवढ्यांनी मिळून खाडीचे रक्षण केले होते. त्यात आत्याचे पुण्य कोणते? आपण पूर्वजांच्या शहाणपणाचे गोडवे गातो. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून आमचे कोळी-गाबित नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात होडी लोटत नसत, असे मी स्वतः वर्गात सांगितले आहे. परंतु आषाढातला समुद्र ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला कळेल की त्या दिवसांत होडी न लोटण्याला माशांवरील प्रेमाची गरज नव्हती. जिवाची भीती पुरेशी होती. मोठी इंजिने आली, भीती कमी झाली, आणि मग त्याच विश्रांतीसाठी सरकारला पावसाळी बंदीचा हुकूम काढावा लागला.

म्हणजे नीतीचा प्रश्न खाडीत इंजिनाबरोबरच येतो. त्याआधी तो नव्हता. ज्याला पळताच येत नाही, तो उभा राहिला तर त्याला धीराचा म्हणता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या हाती दाताळे आले, की आमच्या खाडीच्या इतिहासात पहिल्यांदाच एक असा माणूस उभा राहणार होता, की ज्याला सगळे घेता येत होते आणि म्हणूनच काही न घेणेही शक्य होते.

असे माणसे करतात का? सामर्थ्य असताना हात आखडता घेतात का? निदान एका ठिकाणी घेतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, फाल नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी कालवांचे जुने थर आहेत. तेथे ड्रेजनेच कालवे काढतात. परंतु ड्रेज ओढताना बोटीला इंजिन लावायचे नाही, असा तेथला नियम आहे. शीड किंवा वल्ही, एवढेच. या नियमाचे मूळ १८७६ सालापर्यंत मागे जाते. म्हणजे दीडशे वर्षे होत आली. हंगाम ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत, ऐन थंडीचा. शीड थोडे आखडून बोट वाऱ्या-प्रवाहाबरोबर हळूहळू सरकू द्यायची, हलके ड्रेज हाताने पाण्यात टाकायचे आणि हातानेच वर ओढायचे. वर आलेला माल फळीवर ओतायचा. जवळ एक पितळी कडे असते, त्याचा व्यास सुमारे सदुसष्ट मिलिमीटर. त्या कड्यातून जे कालव आरपार जाते ते लहान. ते पुन्हा पाण्यात टाकायचे. रिकाम्या शिंपाही परत टाकायच्या, कारण कालवाचे पिल्लू पोहत पोहत येऊन जुन्या शिंपेलाच चिकटते आणि तिथेच जन्मभर राहते. वारा पडला की काम बंद. तुफान झाले तरी बंद.

लक्षात घ्या, हे लोक गरीब म्हणून शीड वापरीत नाहीत. धक्क्यावर त्यांच्या मोटारी उभ्या असतात. इंजिन त्यांना परवडते, चालविता येते, आणि दुसऱ्या मासेमारीत ते चालवितातही. इथे मात्र दुबळे राहायचे, हे ठरवून दुबळे राहायचे. आत्याचे दोन हात आणि त्यांची दोन शिडे ही वरवर सारखी दिसतात. परंतु त्यांच्यात, मला वाटते, उपाशी माणूस आणि उपास करणारा माणूस यांच्याइतके अंतर आहे.

याचा अर्थ तेथे सारे आलबेल आहे असा नाही. १९८२ साली एका सूक्ष्म परोपजीवीचा रोग तेथल्या कालवांत शिरला आणि थर पार खालावले. संयमाने रोग टळत नाही. उपास करणाऱ्यालाही पटकी होते.

उलट बाजूचा दाखला अमेरिकेतला आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. मेरीलँड राज्यातले चेसापीक आखात कालवांनी इतके भरलेले होते, की जुन्या काळी त्यांचे ढीग पाण्यातून वर डोकावत आणि गलबतांना अडथळा होई. मेरीलँडनेही १८६५ साली नियम केला तो असाच: ड्रेज ओढायचे तर फक्त शिडाच्या जहाजाने. नियम पाळला जावा म्हणून १८६८ साली खास जलपोलीस दलही उभारले. त्या दलाच्या आणि ड्रेजवाल्यांच्या चकमकींत बंदुका चालल्या, माणसे मेली. आणि तीही कशासाठी, तर कालवांसाठी! १८८४-८५च्या हंगामात तिथे सुमारे दीड कोटी बुशेल कालवे निघाली. एक बुशेल म्हणजे पस्तीस लिटरांहून मोठे माप. हिशेब वाचकांनी करावा. शिंपा परत टाकण्याऐवजी त्यांचा चुना झाला, रस्ते झाले. पिल्लांना चिकटायला जागा उरली नाही. पुढे माल घटत गेला, तेव्हा १९६७ साली कायद्यात थोडी सवलत देण्यात आली: आठवड्यातून दोन दिवस, मागून ढकलणारी इंजिनाची छोटी होडी लावून ड्रेज ओढले तरी चालेल. धंदेवाल्यांचे हाल होत होते. सवलत दयेपोटीच दिलेली होती. झाले काय, की शिडाची जहाजे बहुतेक त्या दोनच दिवशी बाहेर पडू लागली. उरलेल्या दिवशी वारा फुकट वाहत राहिला. नंतर रोगही आले, आणि आज त्या आखातात पूर्वीच्या मानाने शंभरातले एक कालवही उरले असेल-नसेल. ते शिडाचे जहाज १९८५ साली मेरीलँडचे राज्यनौका म्हणून गौरविले गेले. एखादी वस्तू निरुपयोगी झाली की आपण तिला मानचिन्ह करतो, हे काही अमेरिकेतच घडते असे नाही.

दोन्हीकडे नियम शिडाचाच. मग एकीकडे थर टिकले आणि दुसरीकडे गेले, हे का? पाण्याचा विस्तार, बाजाराची भूक, रोग, अशी पुष्कळ कारणे जाणकार देतील, आणि ती खरीच असणार. परंतु नियम नुसता लिहून ठेवल्याने हात आखडत नाही, एवढे मला दिसते. मेरीलँडमध्ये शीड हे पोलिसाचे होते. फालमध्ये ते केव्हातरी त्या माणसांचे स्वतःचे झाले.

हे सारे मी चैत्रात एका संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याने मन लावून ऐकले; फालचे पितळी कडे त्याला विशेष आवडले. मग तो म्हणाला, "गुरुजी, तिथं सगळ्यांनी मिळून इंजिन बंद ठेवलं. इथं मी एकट्यानं ठेवू? मी नाही केलं तर पलीकडच्या गावचा कुणीतरी करील. तिसऱ्या जायच्या त्या जाणारच. फक्त पैसे माझ्याऐवजी त्याला मिळतील."

हा युक्तिवाद मला चांगला परिचित आहे. परीक्षेत शेजारच्याचे पाहून लिहिणारा मुलगा पकडला की तो रडत हेच सांगतो: सर, सगळेच लिहितात. त्याला छडीचा धाक घालून भागते, कारण त्याने न पाहिल्याने त्याचे फार तर दहा मार्क जातात. इथे प्रश्न घर चालविण्याचा होता. आणि दुसरी अडचण अशी, की तो खोटे बोलत नव्हता. एकाने हात आखडल्याने खाडी वाचत नाही, हे खरे आहे. गांधीजींनी यंत्रांवर एवढी टीका केली, तरी शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला होता. परंतु शिवणयंत्र कितीही चालविले तरी शेतातला कापूस काही संपत नाही. खाडीत मात्र प्रत्येकाची झोळी दुसऱ्याच्या झोळीतूनच भरते.

आणि ही तक्रार आजची नव्हे. इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे १३७६ साली मच्छीमारांनी गाऱ्हाणे मांडले होते. कुणीतरी कालवांच्या ड्रेजसारखे, पण पुष्कळ लांब असे एक नवे अवजार काढले आहे, त्याची जाळी इतकी बारीक आहे की लहानात लहान मासाही सुटत नाही, आणि तळावरचे सारे खरडून निघते, असे ते गाऱ्हाणे. त्यावर राजदरबाराने काय केले? जाणत्या माणसांकरवी चौकशी करावी, असे ठरविले. साडेसहाशे वर्षांत उत्तराची भाषा फारशी बदललेली नाही.

"मग सगळ्यांनी मिळून ठरवा," मी म्हणालो. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचे सरोवर आहे. तेथल्या शिंपल्यांना परदेशी गिऱ्हाईक आले, १९९१ साली दहा हजार टनांपर्यंत माल निघाला आणि दोनच वर्षांत तो निम्म्यावर आला. मग तेथे नियम झाले: प्रजननाच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, काढणी बंद, बारीक जाळी बंद, यंत्राने काढणे बंद. शिंपल्या परत आल्या. २०१४ साली त्या धंद्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळाले; भारतातल्या मासेमारीला तसे पहिल्यानेच मिळाले. अष्टमुडीला जमले, तर आपल्या एवढ्याशा खाडीला का जमू नये? आपल्या मच्छीमार सोसायटीत ठराव मांड, मी मसुदा लिहून देतो.

तो हसला. "सोसायटीत कोण असतं गुरुजी? होडीवाले, जाळीवाले. तिसऱ्या काढणारी एक तरी बाई सभासद आहे का? आत्याबाई आहेत? ज्यांची खाडी त्या सभेत नाहीत. जे सभेत आहेत ते म्हणतील, दाताळं किती रुपयांना पडतं ते सांग."

मी इतकी वर्षे त्या गावात शिकवतो, सोसायटीच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त अनेकदा मीच लिहिले आहे. परंतु ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्यांना हात आखडता घेण्याचा प्रश्न कधी पडलाच नाही, त्यांच्याच पोटावर इतरांच्या न आखडण्याचा परिणाम व्हायचा होता, आणि त्यांना विचारण्याची रीतच नव्हती.

निघताना तो उंबऱ्याशी थांबला. "एक विचारू? राग मानू नका. तुमचा पगार एक तारखेला होतो. इंजिन काढायला सांगणं तुम्हाला सोपं आहे. तुम्ही तुमच्या पगारातले आठवड्याचे दोन दिवस सोडाल?"

मी राग मानला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. चार दिवस मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. माझ्या पगाराचा आणि त्याच्या दाताळ्याचा संबंध काय, याचे मी उत्तमोत्तम खुलासे शोधले. त्यातले काही बरोबरही असतील. परंतु दुसऱ्याने संयम पाळावा असे जो सांगतो, त्याने त्या संयमाची किंमत कोण मोजणार हेही सांगितले पाहिजे. आणि ते मला सांगता येत नव्हते. तत्त्वज्ञानाची पदवी माझ्यापाशी नाही. ज्यांच्यापाशी आहे त्यांना तरी ते सांगता येते का, हे मी शोधतो आहे.

अखेर वैशाखात मी अर्ज लिहून दिला. होडी, इंजिन, जाळी, सगळे लिहिले; रकमांची बेरीज दोनदा तपासली. दाताळे लिहिले नाही. त्याने अर्ज वाचला. कुठे काय गळले आहे, ते त्याच्या ध्यानात आल्याशिवाय राहिले नसणार. त्याने माझ्याकडे पाहिले, खाली सही केली आणि कागद घडी करून खिशात घातला. दोघेही त्यावर काही बोललो नाही. मी त्याला अडविले की नुसते स्वतःचे अक्षर स्वच्छ ठेवले, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

नारळी पौर्णिमेला त्याची होडी पाण्यात पडली. नारळ माझ्याच हातून वाढविला. दाताळे त्याने आधीच लोहाराकडून करून घेतलेले होते. ते त्याच्या परसात माडाला टेकून उभे होते. गणपती गेले, आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमेच्या ओहोटीला मी आत्याबरोबर खाडीवर निघालो. वाट त्याच्या परसावरून जाते. दाताळे तिथेच होते, माडालाच टेकलेले. आत्या पाटी कमरेला लावून पुढे गेली. मी मात्र थांबलो आणि वाकून पाहिले. पावसाळाभर बाहेर राहिलेले लोखंड. वरची चौकट गंजाने लाल झाली होती. दाते तेवढे स्वच्छ होते.

"चल रे, पाणी चढात," आत्या पुढून ओरडली.